धंद्यावरची पुस्तकं वाचा, पण फसलेल्या कामांची आधी वाचा

दर मार्च एंडिंग आटोपलं की माझ्या क्लायंटपैकी कोणी ना कोणी विचारतंच, "ताई, धंद्यावर नवीन चांगलं पुस्तक कोणतं आलं?" मला हा प्रश्न मनापासून आवडतो. दिवसभर नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीच्या शेडमध्ये उभा राहिलेला माणूस रात्री जेवण झाल्यावर पुस्तक उघडतो, ही काही साधी गोष्ट नाही. पण त्याच्या हातात पडतं काय, तर बहुतेक वेळा अमक्या कंपनीनं अब्जावधी कसे कमावले आणि त्यांच्यासारखं व्हायचं तर कोणत्या सवयी लावा. मी छोट्या युनिट्सचे हिशोब बघते, जीएसटी भरते, बँकेच्या फाइली बनवते, आणि माझं मत आता पक्कं झालंय की ज्याला स्वतःच्या पैशावर धंदा चालवायचाय त्यानं यशाच्या गोष्टी कमी वाचाव्या आणि काय फसलं, किती लांबलं, पैसा कुठे अडकला हे सांगणारी पुस्तकं जास्त वाचावी.

जिम कॉलिन्सचं 'गुड टू ग्रेट' घ्या. २००१ साली आलं, आजही एमबीएची पोरं त्यातली वाक्यं फेकतात. त्यात निवडलेल्या ११ महान कंपन्यांमध्ये इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं चालवणारी सर्किट सिटी होती आणि गृहकर्जांच्या धंद्यातली फॅनी मे होती. २००८ मध्ये सर्किट सिटीनं दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्याच वर्षी फॅनी मे अमेरिकन सरकारला ताब्यात घ्यावी लागली. त्या पुस्तकात कामाचं काहीच नाही असं मी म्हणत नाही, शिस्तीबद्दल जे लिहिलंय ते चांगलंच आहे, पण आधी जिंकलेले निवडायचे आणि मग त्यांच्यात सारखं काय ते शोधायचं, ही पद्धतच कच्ची आहे, कारण त्याच सवयी असलेले आणि तरी बुडालेले किती होते हे त्यात कुठून दिसणार? फिल रोझेनझ्वाइगनं २००७ मध्ये 'द हेलो इफेक्ट' मध्ये हेच मांडलं, की कंपनी कमावत असली की तिचा मालक आपल्याला दूरदर्शी वाटतो आणि तोट्यात गेली की तोच माणूस हट्टी वाटायला लागतो. आपल्या इतवारी-गांधीबागेत हे रोज बघायला मिळतं, ज्याचं दुकान जोरात त्याची चिडचिडसुद्धा लोकांना शिस्त वाटते.

आता अलीकडच्या पुस्तकांपैकी जे मी खरंच सगळ्यांना घ्यायला लावते ते बेंट फ्लिव्बर्ग आणि डॅन गार्डनर यांचं 'हाऊ बिग थिंग्ज गेट डन', २०२३ चं. फ्लिव्बर्गनं जगभरातल्या १६ हजारांहून जास्त प्रकल्पांची माहिती जमवली. ठरलेल्या खर्चात आणि ठरलेल्या वेळेत पूर्ण झालेले त्यात निघाले फक्त ८.५ टक्के, आणि खर्च, वेळ आणि सांगितलेला फायदा तिन्ही साधलेले अर्धा टक्का! आपल्याला विदर्भात याचा पुरावा शोधायला लांब जायची गरज नाही. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये राजीव गांधींच्या हस्ते झाली, मूळ अंदाज ३७२ कोटींचा होता, सुधारित आकडा १८ हजार कोटींच्या वर गेला. तिथले शेतकरी आणि ज्यांची गावं उठली ते लोक या आकड्यांच्या मध्ये किती वर्षं अडकून राहिले याचा विचार केला की पोटात कालवतं.

तुम्ही म्हणाल धरणाचा आणि माझ्या शेडचा काय संबंध. आहे ना! फ्लिव्बर्गचा मुख्य मुद्दा असा की प्रत्येकाला वाटतं आपलं काम वेगळं आहे, म्हणून तो अंदाज स्वतःच्या मनातून काढतो, तर तसं न करता ज्यांनी तसंच काम आधी केलंय त्यांना किती वेळ आणि पैसा लागला ते विचारून तिथून मोजायला सुरुवात करा. माझ्या एका क्लायंटला पावडर कोटिंगची, म्हणजे लोखंडी मालावर पावडरचा रंग चढवायची, लाइन टाकायची होती, प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये सहा महिन्यांत प्रॉडक्शन सुरू असं लिहिलेलं. मी म्हटलं भाऊ, बुटीबोरीत आणि इकडे ज्यांनी लाइन टाकली त्यांना आधी विचारून या. तर म्हणे, "ताई, आपलं काम वेगळं आहे, मशीन तं आठवड्यात बसून जाते." तरी गेला बिचारा, विचारून आला. मशीन सगळ्यांचीच लवकर बसली होती, वेळ गेला तो वाढीव वीज लोडच्या मंजुरीत, प्रदूषण मंडळाच्या कन्सेंटमध्ये आणि कोटिंग करणारा चांगला कारागीर मिळण्यात, आणि त्या सगळ्या महिन्यांत बँकेचं व्याज चालूच होतं. मग आम्ही मुदत दुप्पट धरून टर्म लोनचा हप्ता उशिरा सुरू होईल अशी मागणी केली. पुस्तकाच्या किमतीत एवढं मिळालं तर अजून काय पाहिजे सांगा.

दुसरं, एमी एडमंडसनचं 'राइट काइंड ऑफ राँग', याला २०२३ मध्ये फायनान्शियल टाइम्सचं वर्षातल्या सर्वोत्तम बिझनेस पुस्तकाचं बक्षीस मिळालं. ती अपयशाचे प्रकार पाडते. एक साध्या हलगर्जीपणाचं, एक दहा बारीक कारणं एकत्र येऊन झालेलं, आणि एक शहाणं अपयश, म्हणजे नवीन ठिकाणी, नीट विचार करून आणि शक्य तेवढं छोटं ठेवून केलेला प्रयोग फसला तर. हे 'छोटं ठेवून' फार महत्त्वाचं आहे. नवीन मॉडेलचा कूलर काढायचाय तर वीस पीस बनवा, दोन ओळखीच्या डीलरकडे ठेवा, एक उन्हाळा बघा. पहिल्याच झटक्यात पाचशेचा माल काढला आणि पडून राहिला तर त्याला कोणी शहाणं अपयश म्हणणार नाही.

एआयवरची पुस्तकं मात्र सध्या ढिगानं येऊन राहिलीत, त्यातलं ईथन मॉलिकचं २०२४ चं 'को-इंटेलिजन्स' समजायला सोपं आहे, तेवढं पुरे.

पण या सगळ्या चांगल्या पुस्तकांतही एक विषय मला आपल्या धंद्याच्या बाजूनं कधी वाचायला मिळत नाही, तो म्हणजे उधारी. कूलरवाल्याचं वर्ष बघा. थंडीतच जीपी शीट (जस्ताचा मुलामा असलेला पत्रा), मोटर, पंप, पॅड भरायचे, शीटवाला जवळजवळ रोखीनंच देतो, मजुरी दर आठवड्याला, आणि डीलर फेब्रुवारी-मार्चमध्ये माल उचलतो तो सीझनच्या उधारीवर, म्हणजे पैसे मे-जूनमध्ये आले तर आले. बिल मार्चमध्ये फाडलं की महिन्याचं रिटर्न भरणाऱ्याला २० एप्रिलपर्यंत त्याचा जीएसटी भरावाच लागतो, समोरच्यानं एक रुपया दिलेला नसला तरी. त्यात मे महिन्यात अवकाळी पाऊस झाला की फोन येतो, "भाऊ, माल वापस घेऊन जा." ३१ मार्चच्या ताळेबंदात नफा, खात्यात खडखडाट, आणि माझ्यासमोर बसलेला माणूस विचारतो, "ताई, नफा दिसून राहिला तं पैसा कुठे गेला?" या प्रश्नाचं उत्तर देणारं एक मराठी पुस्तक मला द्या, मी शंभर प्रती विकत घेऊन वाटीन.

कायदा आहे, नाही असं नाही. २००६ च्या एमएसएमई कायद्यात करार असला तरी सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या वर थांबवता येत नाहीत, थांबवले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. २०२३ च्या बजेटनं वर आयकर कायद्यात ४३बी(एच) हे कलम आणलं, की सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च माल घेणाऱ्याला पैसे देईल त्याच वर्षी धरता येईल. पण प्रत्यक्षात डीलर म्हणतो उद्यम रजिस्ट्रेशन (लघु उद्योग असल्याची सरकारी नोंदणी) दाखवशील तर मी दुसऱ्याकडून माल घेईन, आणि आमचा माणूस गप्प बसतो. हे गप्प बसणं कसं मोडायचं, चार युनिटवाल्यांनी मिळून उधारीची एकच मुदत ठरवली तर काय होतं, कोणी करून पाहिलंय का, हे लिहिलं गेलं पाहिजे, आणि ते हार्वर्डचा प्रोफेसर लिहिणार नाही, आपल्यालाच लिहावं लागेल.

हल्दीरामच्या घराण्यावर पवित्रा कुमारचं 'भुजिया बॅरन्स' २०१६ मध्ये आलं तेव्हा मी ते अधाशासारखं वाचलं, कारण बिकानेरहून निघालेल्या त्या धंद्याची एक मोठी शाखा आपल्या नागपूरची. मला त्यात सगळ्यात कामाचा वाटला तो घरातल्या वाटण्यांचा आणि नावाच्या हक्कावरून झालेल्या कोर्टकचेरीचा भाग. ज्यांच्याकडे दोन भाऊ एकाच फर्ममध्ये आहेत त्यांनी तो भाग वाचून पार्टनरशिप डीड एकदा कपाटातून काढून बघावी, माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी डीड्स वडील असतानाच्या आहेत आणि तशाच चालू आहेत.

तर माझी एक विनंती आहे. तुमच्यापैकी कोणी युनिट बंद केलं असेल, पार्टनर सोडून गेला असेल, एखाद्या मोठ्या पार्टीकडे पैसे बुडाले असतील आणि ते आकड्यांसकट सांगायची तयारी असेल तर इनबॉक्समध्ये लिहा. नाव-गाव काही छापणार नाही, मी स्वतः बसून लिहून घेईन, नीट मराठीत, खात्यांच्या तारखांसकट. कूलरवाल्यांसाठी जुलै ठेवलाय, तेव्हाच त्यांना फुरसत असते, बाकीच्यांनी कोणताही रविवार सांगा, ऑफिस धरमपेठलाच आहे, चहा माझ्याकडे.