तावेर्न पर्यटकांनी आणलं नाही

व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतोय. गोव्याच्या किनारी गावांतले गुत्ते हिप्पी-पर्यटकांमुळे आले, फेणी ही पोर्तुगीजांची दारू, आणि त्या गुत्त्यांत वाया गेलेली माणसंच बसतात, असं त्यात म्हटलंय. तिन्ही गोष्टी मला पटत नाहीत.

हिप्पी आले 1960 च्या दशकाच्या अखेरीस. गावातल्या गुत्त्याला इथे तावेर्न म्हणतात. तो शब्द पोर्तुगीज अमदानीतला आणि ती अमदानी संपली 19 डिसेंबर 1961 ला. पर्यटकांसाठी उभे राहिले ते वाळूवरचे शॅक, म्हणजे झावळ्यांची खाण्यापिण्याची खोपटं.

फेणीचं मात्र नीट सांगायला हवं. काजूचं झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलं, हे खरं. पण पोर्तुगालात फेणी होत नाही. ती इथल्या माणसांनी घडवली. जुन्या रीतीत बोंडू, म्हणजे काजूचं रसाळ फळ, झाडावरून तोडत नाहीत, पिकून गळलेलेच वेचतात. ते पायांनी तुडवतात, रस आंबवतात आणि भट्टीवर गाळतात. पहिल्यांदा गाळून मिळतो तो सौम्य हुर्राक, उन्हाळ्यापुरताच. पुन्हा गाळला की फेणी, 40 टक्क्यांच्या वर अल्कोहोल असलेली. माडाच्या सुरेची, म्हणजे माडीचीही फेणी होते, आणि माड तर पोर्तुगीजांच्या कितीतरी आधीपासून इथे आहे. रेंदेर, म्हणजे सूर काढणारा, दिवसातून दोन-तीनदा त्यावर चढून पोय, म्हणजे माडाचा फुलोरा, तासतो, तेव्हा सूर मिळते. काजूच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते गोव्याच्या नावावर.

राहिली ‘वाया गेलेली माणसं’. दारूनं घरं मोडतात, मीही पाहिलीत, ते नाकारणार नाही. पण म्हणून तावेर्नात येणाऱ्या प्रत्येकावर तो शिक्का का मारायचा? मी ज्या तावेर्नात जायचो तिथे पुढे पोसरो होता, म्हणजे किराण्याचं छोटं दुकान: तांदूळ, साबण, काड्यापेट्या. मागे दोन लाकडी बाकं. मालकीणबाई एका हातानं साखर तोलायच्या आणि दुसऱ्या हातानं लहानशा ग्लासात फेणी ओतायच्या. सोबत उकडलेलं अंडं नाहीतर चणे. होडीवरून परतलेले रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारे मच्छीमार, संध्याकाळी तिथे बसून बांगड्याचा भाव आणि वाऱ्याची दिशा बोलायचे. कुणाच्या घरी आजारी माणूस असेल तर ते सगळ्यात आधी त्या बाकावर कळायचं, आणि रात्री दवाखान्यात न्यायला गाडीही तिथूनच निघायची.