होतकरू अर्थमंत्र्यांनो, बुडायचं तर रीतसर बुडा

तुमच्या देशावर अजून आर्थिक संकट आलेलं नसेल तर आधी ते आणा. संकट नसेल तर प्रादेशिक सहकार्य होत नाही, आणि सहकार्य नसेल तर शेजारच्या अर्थमंत्र्यांबरोबर भारीतल्या हॉटेलात जेवणं होत नाहीत. थायलंडने १९९७ साली याचा झकास धडा घालून दिलाय, तोच गिरवा, उगाच स्वतःचं डोकं चालवू नका.

सुरुवात चलनापासून. एका डॉलरला साधारण २५ बाथ (थायलंडचं चलन) असा खुंटा ठोका आणि वर्षानुवर्षं हलू देऊ नका. मग बँकॉकने १९९३ मध्ये उघडली तशी ऑफशोअर बँकिंगची, म्हणजे परदेशी पैसा आत आणायची खिडकी उघडा, म्हणजे तुमच्या कंपन्या बाहेरून स्वस्तात थोड्या मुदतीचे डॉलर उचलतील आणि इथे वीस-वीस वर्षांनी पैसे सुटतील अशा टॉवरांमध्ये ओततील, कमाई बाथमध्ये, कर्ज डॉलरमध्ये, आणि कोणी विचारलंच की दर बदलला तर काय, तर त्याच्याकडे बघून नुसतं हसायचं. असतील शिते तर जमतील भुते. भुतांची गर्दी पाहून जागतिक बँकेने १९९३ मध्ये पूर्व आशियाला चक्क चमत्कार म्हणणारा अहवाल छापला होता. चमत्कार म्हटल्यावर नमस्कार करायचा असतो, हिशोब मागायचा नसतो.

भुतं उठून जायला लागली की परकीय गंगाजळी उपसून चलन वाचवायचं, पण गुपचूप. झाकली मूठ सव्वा लाखाची हे थायलंडच्या मध्यवर्ती बँकेइतकं मनावर कोणीच घेतलं नसेल. डॉलर फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या तारखेच्या सौद्यांत आधीच देऊन बसले होते त्यामुळे कागदावर ३० अब्जांच्या वर आणि प्रत्यक्षात हाताशी जेमतेम ३ अब्ज! ३० जूनला पंतप्रधान चवलित यांनी अवमूल्यन होणार नाही असं ठणकावून सांगितलं, २ जुलैला बाथ मोकळा सोडला. मधे एक अख्खा दिवस गेला बरं का, एवढं अंतर ठेवलंत की झालं. जानेवारीपर्यंत डॉलर ५६ बाथच्या आसपास पोचला, आणि त्याआधीच डिसेंबरात व्यवहार थांबवलेल्या ५८ पैकी ५६ फायनान्स कंपन्यांना कायमचं टाळं लागलं होतं.

आता शेजारधर्म. ऑगस्ट १९९७ मध्ये थायलंडसाठी १७ अब्ज डॉलरची मोट बांधली गेली, त्यात आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे (अडचणीतल्या देशांना अटी घालून कर्ज देणारी वॉशिंग्टनची संस्था) ४, जपानचे ४, आणि इंडोनेशिया, दक्षिण कोरिया यांनीही प्रेमाने अर्धा-अर्धा अब्ज कबूल केला. ऑक्टोबरात इंडोनेशिया स्वतःच नाणेनिधीच्या दारात उभा, नोव्हेंबरात कोरिया. याला म्हणतात एकमेकां साहाय्य करू. मदत जाहीर करताना आपलं घर कुठवर जळालंय ते अजिबात बघायचं नाही, बघितलं की हात आखडतो.

मधेच एखादा शेजारी शहाणपणा करेल त्याला आवरा. सप्टेंबर १९९७ मध्ये जपान म्हणाला, आपण आशियाचाच १०० अब्ज डॉलरचा निधी काढू, वॉशिंग्टनला कशाला जायचं. अमेरिका आणि नाणेनिधी दोघेही तिथल्या तिथे नको म्हणाले, चीननेही काही उत्साह दाखवला नाही, नोव्हेंबरात मनिलामध्ये विषय मिटला. बरं झालं. पैसा लगेच मिळाला असता तर मग सहकार्य कसलं करायचं होतं?

तेव्हा नाणेनिधीकडेच जा आणि जाताना कॅमेऱ्यांची सोय बघा. १५ जानेवारी १९९८ ला जाकार्तात इंडोनेशियाचे अध्यक्ष सुहार्तो वाकून करारावर सही करतायत आणि मागे नाणेनिधीचे प्रमुख कामदेसू हाताची घडी घालून मास्तरासारखे उभे, असा फोटो अख्ख्या जगात गेला. मे महिन्यात सुहार्तो पायउतार झाले. मला विचाराल तर त्या फोटोने जे काम केलं ते कराराच्या कलमांनी केलं नाही, पंचवीस वर्षं झाली तरी आशियातला एकही अर्थमंत्री ती घडी विसरलेला नाही. (ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणारे.)

जनतेलाही सहकार्यात घ्या. कोरियात १९९८ च्या सुरुवातीला जवळपास ३५ लाख लोकांनी लग्नाच्या अंगठ्या, बाळाची कडी, खेळाडूंनी पदकं असं मिळून २२७ टन सोनं आणून दिलं, त्याचे साधारण २ अब्ज डॉलर आले. बड्या उद्योगसमूहांनी करून ठेवलेल्या कर्जापुढे ते किती, हे रांगेतल्या म्हातारीला सांगायचं नाही, तिचा मूड जातो. नाणेनिधीचं कर्ज कोरियाने ऑगस्ट २००१ मध्ये मुदतीच्या आधीच फेडून टाकलं. सोनं काही परत आलं नाही.

मलेशियाकडे मात्र बघू पण नका. तिथले पंतप्रधान महाथिर यांनी सप्टेंबर १९९८ मध्ये पैसा बाहेर न्यायला बंधनं घातली, आपलं चलन रिंगिट डॉलरला ३.८० वर बांधलं, सगळ्या पंडितांनी शाप दिले की आता परकीय गुंतवणूक कायमची गेली, आणि पुढच्याच वर्षी अर्थव्यवस्था वाढायला लागली. असली उदाहरणं विद्यार्थ्यांच्या हाती लागू नयेत.

तर गुंतवणूक. ती कधी बोलवायची? घरातली भांडी रस्त्यावर आलेली असतात तेव्हाच. आसिआनने, म्हणजे आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेने, ऑक्टोबर १९९८ मध्ये गुंतवणूक क्षेत्राचा करार केला, त्यात ठरलं की आसिआनच्या गुंतवणूकदाराला घरच्यासारखी वागणूक २०१० पर्यंत, बाहेरच्यांना २०२० पर्यंत, शिवाय वगळायच्या गोष्टींच्या याद्या, तात्पुरती वेगळी, संवेदनशील वेगळी. आग १९९८ ला लागलीय, बंब २०२० ला येणार, आणि स्वयंपाकघर संवेदनशील यादीत असल्यामुळे तिथे पाणी मारायचं नाही. मग डिसेंबरात हनोईला बहुतेक कोणाच्या तरी लक्षात आलं असावं, तिथे एकदम सेल लावला: जानेवारी १९९९ ते डिसेंबर २००० या काळात अर्ज करा, शंभर टक्के मालकी घ्या, किमान तीन वर्षं करमाफी घ्या. आणि ही ऑफर नऊही देश एकमेकांच्या शेजारी उभं राहून त्याच गिऱ्हाइकाला देतायत, याचं नाव सहकार्य.

गिऱ्हाईक येतं हो, येत नाही असं नाही. न्यूब्रिज नावाच्या अमेरिकन फंडाने कोरिया फर्स्ट बँकेतला ५१ टक्के हिस्सा ५०० अब्ज वॉनला घेतला, बुडीत कर्जांची जोखीम बरीचशी सरकारच्याच गळ्यात ठेवून, आणि २००५ मध्ये बँक स्टँडर्ड चार्टर्डला गेली तेव्हा दुपटीहून जास्त कमावून तो फंड निघून गेला. याला लुटलं वगैरे म्हणू नका, याला गुंतवणूकदारांचा विश्वास म्हणतात. विश्वास स्वस्तात जास्त बसतो.

आणि आता तुमच्या कारकिर्दीचा कळस, सामायिक निधी. मे २००० मध्ये थायलंडमधल्या चिआंग माईला आसिआन, चीन, जपान, कोरिया यांनी ठरवलं की अडचणीत एकमेकांना डॉलर द्यायचे. फक्त एक बारीक अट, हक्काच्या रकमेतले १० टक्केच आपापले मिळणार, बाकीचे ९० हवे असतील तर आधी नाणेनिधीचा कार्यक्रम घेऊन या. म्हणजे हाताच्या ज्या घडीला घाबरून हे घर बांधलं तिलाच दारावर उभं केलं. हे सुचायला प्रतिभा लागते. २०१० मध्ये सगळ्यांचा मिळून १२० अब्जांचा एकच निधी झाला, त्यात जपानचे ३८.४ अब्ज आणि चीनचे हाँगकाँग धरून ३८.४, दशांशाला दशांश जुळवून, कारण निधी कमी पडला तर चालेल पण शेजारी मोठा दिसता कामा नये. २०१४ ला तो २४० अब्ज झाला, अटीशिवायचा हिस्सा हळूहळू ४० टक्क्यांवर आला, सिंगापूरला देखरेखीचं ऑफिस आहे, पैसे कसे काढायचे याचा अधूनमधून सरावही होतो.

काढले किती? शून्य. २००८ मध्ये कोरियाला डॉलरची खरीखुरी टंचाई आली तेव्हा त्यांनी ऑक्टोबरात थेट अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेकडून, फेडकडून, ३० अब्जांची सोय करून घेतली. बाकी प्रत्येकाने आपापली गंगाजळी अशी काही भरून ठेवलीय की सामायिक निधीला हात लावायची वेळच येऊ नये. शेजाऱ्यांवर इतका गाढ भरवसा दुसरीकडे कुठे बघायला मिळणार नाही.

परिषद संपली की फोटो असतो तो चुकवू नका. आसिआनची खास पद्धत आहे, सगळ्यांनी ओळीत उभं राहायचं, स्वतःचे हात छातीसमोर आडवे करायचे आणि उजव्या हाताने डावीकडच्याचा, डाव्याने उजवीकडच्याचा हात धरायचा. लांबून बघितलं तर घडी घातल्यासारखंच दिसतं, पण हसत घातलेली. शिवाय दोन्ही हात गुंतलेले असतात, त्यामुळे कोणाला खिशात हात घालता येत नाही.