बर्नी पॅरंटला वगळून फ्लायर्स कळत नाहीत

फिलाडेल्फियात आइस हॉकीचा विषय निघाला की गप्पा पाच मिनिटांत ‘ब्रॉड स्ट्रीट बुलीज’वर, म्हणजे इथल्या फ्लायर्स संघाच्या दांडगट टोपणनावावर येतात. १९७४ आणि १९७५, लागोपाठ दोनदा स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएल या हॉकी लीगचं विजेतेपद जिंकलेले फ्लायर्स. मग त्यांच्या डेव्ह शुल्ट्झचा आकडा येतोच: १९७४-७५च्या हंगामात पेनल्टीची, म्हणजे शिक्षा म्हणून मैदानाबाहेर बसायची ४७२ मिनिटं. सामना ६० मिनिटांचा, म्हणजे जवळजवळ आठ सामने भरतील एवढी शिक्षा! तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही.

ही दांडगाई कुठून आली ते मला समजतं. १९६७ साली लीगमध्ये आलेला कोरा संघ. १९६८ आणि १९६९, दोन्ही वर्षी सेंट लुईसने प्लेऑफमधून (हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांतून) बाहेर काढलं, तेही चांगलं चेचून. यापुढे आपल्या पोरांनी मार खायचा नाही, हे मालक एड स्नायडरने तेव्हाच ठरवलं.

पण कप मारामारीने आला असं कुणी म्हटलं की मला राहवत नाही. १९ मे १९७४. समोर बॉबी ऑरचा बोस्टन संघ, अंतिम फेरीतला सहावा सामना. निकाल १-०. रिक मॅक्लीशचा एक गोल, आणि उरलेला सगळा वेळ गोलपाशी उभा आमचा गोलरक्षक बर्नी पॅरंट. पुढच्या वर्षी बफेलोविरुद्धच्या शेवटच्या सामन्यातही त्याने एकदाही पक (हॉकीची रबरी चकती) आत जाऊ दिला नाही. दोन्ही वर्षी प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू तोच. आणि प्रशिक्षक फ्रेड शेरो? ज्या सोव्हिएत हॉकीला कॅनडातले लोक नाकं मुरडायचे, तिचा हा माणूस मन लावून अभ्यास करायचा.

कर्णधार बॉबी क्लार्कबद्दल मात्र माझं मन दुभंगतं. खाणीच्या गावातला मधुमेही पोरगा, १९६९च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, पहिल्या फेरीत कुणी घेतला नाही, आणि त्याने तीनदा हार्ट ट्रॉफी, म्हणजे लीगच्या सर्वांत मोलाच्या खेळाडूचा मान मिळवला. त्याच क्लार्कने १९७२ साली कॅनडाकडून खेळताना मॉस्कोत सोव्हिएत संघाच्या खार्लामोवच्या घोट्यावर स्टिक हाणली. ते मला आजही पटत नाही, कितीही समजावलं तरी.

१९७५नंतर इथे कप आलेला नाही. अंतिम फेरीत सहा वेळा हरलो. आणि तरी आठवणी निघतात त्या ठोशांच्याच, याचं मला खरंच वाईट वाटतं.

गेल्या महिन्यात लेक म्हणाली, “बाबा, मला गोलरक्षक व्हायचंय.” त्याच रात्री तिला तो १-० चा सामना लावून दिला. शेवटची दोन मिनिटं तिने तीनदा बघितली.