2008च्या मंदीचं खापर गरीब कर्जदारांवर फोडणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

मामांनी ग्रुपवर टाकलेला मजकूर थोडक्यात असा: अमेरिकेत 1977 साली कम्युनिटी रिइन्व्हेस्टमेंट ॲक्ट आला, सरकारने बँकांना ऐपत नसलेल्यांना घरकर्ज द्यायला लावलं, फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या सरकारी पाठबळाच्या, घरकर्जं विकत घेणाऱ्या कंपन्यांनी ती कर्जं उचलली आणि 2008 साली सगळं कोसळलं. कंपन्यांच्या राजकीय देणग्यांचा यात काही संबंध नाही, कारण देणग्या दोन्ही पक्षांना जातात आणि लॉबिंग (नियम आपल्या सोयीचे व्हावेत म्हणून नेत्या-अधिकाऱ्यांकडे शब्द टाकणं) म्हणजे नुसती माहिती पुरवणं. शेवटी पुस्ती: भारतात तर लॉबिंग नाहीच.

मामा, तुम्ही जन्मभर बँकेत कर्जाच्या फायली तपासल्यात. निदान पहिला मुद्दा तरी पुढे ढकलण्याआधी तपासायचा होता.

1977चा कायदा फक्त ठेवी घेणाऱ्या बँकांना लागू आहे. कर्ज सुरक्षित बँकिंगच्या चौकटीतच द्यावं, असं त्याच कायद्यात लिहिलेलं आहे. अमेरिक्वेस्ट, न्यू सेंचुरी या सबप्राइमच्या (पत कच्ची असलेल्यांना चढ्या व्याजाने कर्ज देण्याच्या) बड्या कंपन्या ठेवी घेतच नव्हत्या. वॉल स्ट्रीटकडून अल्पमुदतीचा पैसा उचलायचा, कर्ज वाटायचं, काही आठवड्यांत ते विकून टाकायचं आणि पुन्हा वाटायचं, हा त्यांचा धंदा. अमेरिकन संसदेने नेमलेल्या चौकशी आयोगाच्या जानेवारी 2011च्या अहवालात आकडा आहे: चढ्या व्याजाच्या कर्जांपैकी जेमतेम 6 टक्क्यांचा या कायद्याशी काही संबंध होता. आयोगात फूट होती, मान्य. पण तीन रिपब्लिकन सदस्यांनी वेगळं मत लिहिलं, त्यातही हा कायदा महत्त्वाचं कारण नसल्याचंच म्हटलंय. (ठेवींची बँक आणि शेअर-रोख्यांची बँक वेगळी ठेवणारा ग्लास-स्टीगल कायदा 1999 साली मोडला हेही महत्त्वाचं कारण नाही, असं ते म्हणाले. विरुद्ध बाजूचे फॉरवर्ड पाठवणाऱ्यांनी तेवढं टिपून ठेवावं.)

आता कर्ज कसलं होतं ते बघा. ठरलेला नमुना ‘2/28’: पहिली 2 वर्षं ठरावीक व्याज, पुढची 28 वर्षं लायबॉर (बँका एकमेकींना उसने देताना लावत तो बदलता दर) अधिक सुमारे 6 टक्के. 2 लाख डॉलरचं कर्ज 8 टक्क्यांनी घेतलं तर महिन्याचा हप्ता साधारण 1,470 डॉलर. दोन वर्षांनी व्याज 11 टक्क्यांवर गेलं की तोच हप्ता 1,890. मुद्दल तोवर साडेतीन हजारांनीच कमी झालेलं. मुदतीआधी फेडायला जावं तर बहुतेक करारांत दंडाचं कलम. पगाराचा कागद न मागता, कर्जदार सांगेल ते उत्पन्न लिहून घेतलेलं. शिवाय गिऱ्हाईक कमी दराला पात्र असताना चढा दर गळ्यात मारला, तर दलालाला वर कमिशन. यातलं काय 1977च्या कायद्याने सांगितलं होतं?

उलट सरकारं हे थांबवायला गेली तेव्हा काय झालं? जॉर्जिया राज्याने 2002 साली कडक कायदा केला. त्याचा दात एकच होता: फसवं कर्ज विकत घेणाराही जबाबदार. अमेरिक्वेस्टने राज्यातून निघून जायची धमकी दिली. जानेवारी 2003मध्ये स्टँडर्ड अँड पुअर्स या मानांकन संस्थेने जॉर्जियाची कर्जं एकत्र बांधून काढलेल्या रोख्यांना मानांकन द्यायला नकार दिला, म्हणजे ते विकणंच अवघड. काही आठवड्यांत विधिमंडळाने तो दात काढून टाकला. 2004 साली केंद्रीय नियामकाने राष्ट्रीय बँकांना राज्यांच्या अशा कायद्यांतून मोकळंच केलं.

फॅनी-फ्रेडीचा मुद्दा अर्धा खरा आहे, नाइलाजाने मान्य करतो. त्यांनी निकष सैल केले आणि सप्टेंबर 2008मध्ये सरकारला त्या ताब्यात घ्याव्या लागल्या. पण 1999 ते 2008 या काळात या दोघींनी लॉबिंगवर 16 कोटी 40 लाख डॉलर ओतले, हे फॉरवर्ड लिहिणाऱ्याने का गाळलं? बेकायदा राजकीय निधी उभारणीबद्दल फ्रेडी मॅकने 2006 साली 38 लाख डॉलर दंडही भरला. लॉबिंगचा संबंध नाही म्हणायचं आणि उदाहरण यांचं द्यायचं!

‘दोन्ही पक्षांना देणग्या’ हा बचावच नाही. वायदेबाजाराच्या सरकारी नियामक ब्रुक्सली बॉर्न यांनी 1998 साली डेरिव्हेटिव्हजवर (कर्ज, शेअर यांच्या किमतीवर बेतलेल्या करारांवर) देखरेखीचा विषय काढला, तेव्हा डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांचेच अर्थमंत्री विरोधात उभे राहिले. डिसेंबर 2000मध्ये हा व्यवहार देखरेखीबाहेर ठेवणारा कायदा रिपब्लिकन बहुमताच्या संसदेने केला, सही क्लिंटन यांची. एआयजी ही बडी विमा कंपनी याच बाजारात बुडाली. तिला वाचवायला पहिल्या झटक्यात 85 अब्ज डॉलरचं सरकारी कर्ज द्यावं लागलं. आयोगाच्याच हिशेबाने वित्तक्षेत्राचा दहा वर्षांचा जाहीर लॉबिंग खर्च 2.7 अब्ज डॉलर होता.

राहिलं ‘नुसती माहिती पुरवणं’. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीतले डेनिझ इगान, प्राची मिश्रा आणि तिएरी त्रेसेल यांनी डिसेंबर 2009मध्ये याचाच छडा लावला. अमेरिकेत कोणत्या विषयावर, किती पैसे देऊन लॉबिंग केलं याचं विवरण दाखल करावं लागतं. ती विवरणं त्यांनी घरकर्जांच्या सरकारी नोंदींशी जुळवली. घरकर्ज आणि रोखेकरणाच्या (कर्जं एकत्र बांधून रोखे म्हणून विकण्याच्या) नियमांवर लॉबिंग करणाऱ्या संस्था उत्पन्नाच्या मानाने मोठी कर्जं देत होत्या, जास्त कर्जं विकत होत्या आणि त्यांचं वाटप वेगाने वाढत होतं. ज्या भागांत त्यांचं वाटप जास्त वेगाने वाढलं, तिथे पुढे थकबाकीही जास्त. संबंध म्हणजे कारण नव्हे, आणि लेखकही तेवढा दावा करत नाहीत. पण नुसती माहिती पुरवणाऱ्यांचं वाटप वाढलं, नेमकी तिथेच थकबाकी जास्त का असावी?

आणि भारतात लॉबिंग नाही म्हणजे काय? नोंद सक्तीची करणारा कायदा नाही. त्यामुळे असा अभ्यास इथे करताच येत नाही. निवडणूक रोखे कोणी घेतले, हे कळायलासुद्धा फेब्रुवारी 2024चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला.