हापूसच्या कोयीला हापूस लागत नाही

दर मे महिन्यात एक संदेश व्हॉट्सॲपवर फिरू लागतो: हापूस खाल्ल्यावर कोय फेकू नका, आठवडाभर कडक उन्हात वाळवा, कुंडीत पुरा आणि तीन वर्षांत घरचा हापूस खा; कलमे ही रोपवाटिकांची निव्वळ लूट आहे. यातले ‘फेकू नका’ एवढेच मला मान्य आहे.

वाळवण्याचा सल्ला तर थेट घातक आहे. आंब्याचे बी ज्वारीसारखे कणगीत साठवण्याचे नव्हे. ओल गेली की ते मरते. कोय धुऊन सावलीत पाणी निथळू द्यावे आणि आठ-दहा दिवसांच्या आत मातीत घालावी. शंका असल्यास कवच कडेने उघडून पाहावे. आतले दळ टणक, पांढरट असेल तर बी जिवंत आहे. आक्रसून काळे पडले असेल तर कुंडी अडवू नये.

मुख्य चूक मात्र जातीबद्दलची आहे. हापूसच्या कोयीत एकच गर्भ असतो आणि तो परागीभवनातून तयार झालेला असल्यामुळे रोप आईसारखे निपजेल याची शाश्वती नसते. दक्षिणेतल्या ओलूर, बप्पकाई अशा काही जातींच्या कोयीत अनेक गर्भ असतात, त्यांतले बरेचसे मातृवृक्षाच्याच पेशींपासून झालेले असतात आणि त्यांची रोपे आईवर जातात. हापूस त्यांतला नाही. आमच्या परसातल्या हापूसच्या कोयीला नवव्या वर्षी पहिला मोहोर आला. फळ लहान, आंबट, दातांत धागे अडकवणारे. आई त्याचे लोणचे घालते आणि झाडाला सरळ रायवळ, म्हणजे कोयीपासून उगवलेला बिनजातीचा आंबा, म्हणते. तीन वर्षांच्या आश्वासनाचे उत्तरही त्यातच आले. तेवढ्या लवकर फळाची आशा धरायची ती कलमाकडूनच, कारण त्यावर जोडलेली काडी, म्हणजे कोवळी डहाळी, मुळात फळत्या झाडाची असते.

आणि ज्या कलमांना लूट म्हटले जाते, ती कोयीवरच बांधतात. रायवळाची कोय रुजवायची, रोप दहा-पंधरा दिवसांचे, पाने तांबूस आणि खोड कोवळे असतानाच त्याचा शेंडा छाटायचा, मधोमध चीर देऊन हापूसच्या काडीची पाचर बसवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायचे. यात रसायन नाही, गुपित नाही. जून ते ऑगस्टच्या दमट हवेत हे घरीही जमते. पाचर सैल राहिली तर मात्र काडी काळी पडते. पहिल्या खेपेला आमच्या पाचांपैकी दोनच जगल्या.