आधी शेवटची फेरी बघा, मग खोली

आज संध्याकाळी मैत्रिणीच्या लेकीचा मालदीवच्या माले विमानतळावरून फोन आला. रडत होती. लग्नानंतरची दोघांची पहिली सहल, वर्षभर साठवलेले पैसे, पाण्यावरची लाकडी खोली. विमान पावणेपाचला उतरलं आणि काउंटरवर सांगितलं, बेटावर नेणारी आजची सीप्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारी छोटी विमानं, संपली, आता उद्या सकाळी. आजची रात्र विमानतळाजवळच्या हॉटेलात. आणि बेटावरची ती खोली, पैसे भरलेली, रात्रभर रिकामी.

डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

ज्यांनी बुकिंग करून दिलं ते रोज हेच काम करतात. मालदीवची सीप्लेन अंधारात उडत नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं? पायलटला पाणी, लाटा, वारा डोळ्यांनी बघून उतरायचं असतं. लॅगूनमध्ये, म्हणजे बेटाभोवतीच्या उथळ पाण्यात, धावपट्टीचे दिवे नसतात. दुपारी साडेतीननंतर उतरणाऱ्याने त्या दिवशीची सीप्लेन गृहीत धरूच नये, आणि साडेतीनला पोचणारं विमानही तासभर लेट होऊ शकतं. तिकिटावरची वेळ आणि रिसॉर्टचं नाव शेजारी ठेवून एकदा बघितलं असतं तरी पुरलं असतं.

सगळे उलट्या बाजूने सुरू करतात. आधी खोलीचा फोटो, मग विमान, आणि मधला समुद्र कसा ओलांडायचा ते सगळ्यात शेवटी. बेटाचा बेत त्या मधल्या टप्प्यापासून आखायचा असतो. विमान संध्याकाळी उतरतंय? मग मालेच्या जवळच्या अटॉलमधलं (प्रवाळबेटांच्या कड्यातलं) बेट घ्या, तिथे स्पीडबोट रात्रीही नेते. लांबचंच बेट हवं असेल तर देशांतर्गत विमान आणि पुढे बोट असा मार्ग आहे का विचारा, तो अंधार पडल्यावरही बऱ्याचदा चालतो. स्थानिक लोकांच्या बेटावर स्वस्तात राहणार असाल तर सरकारी फेरी शुक्रवारी सहसा बंद असते. हे शुक्रवारी धक्क्यावर उभं राहून कळण्यात काय अर्थ आहे?

या दोघांच्या बॅगा तीस-तीस किलोच्या. सीप्लेनमध्ये साधारण २० किलो सामान आणि ५ किलो हातातलं. जास्तीचे पैसे भरावे लागतात, आणि गर्दी असेल तर बॅग पुढच्या फेरीने येते. म्हणून पोहण्याचे कपडे, औषधं, चार्जर हातातल्या पिशवीत. पोरीला हे सांगणारं कुणी नव्हतं, याचंच जास्त वाईट वाटतं.

ऋतूचंही तेच. ‘बेट म्हणजे बारा महिने ऊन’ असं कुणी म्हटलं की राग येतो. मॉरिशसला साधारण नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचा हंगाम. जून ते सप्टेंबर हवा छान, पण पूर्व किनाऱ्यावर वारा झोडपतो, तेव्हा खोली पश्चिमेला घ्यावी. सेशेल्स वादळांच्या पट्ट्यातून बहुतेक वाचतं, पण जून ते सप्टेंबरमध्ये तिथल्या माहे बेटावरून प्रास्लिन बेटावर जायचा तासाभराचा बोटीचा प्रवास पोट ढवळून काढतो. गोळी बोटीत बसायच्या अर्धा-एक तास आधी घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर नाही. मालदीवला मे ते ऑक्टोबर पाऊस. हो, मान्य आहे, मांटा रे (पंख पसरल्यासारखे दिसणारे मोठे मासे) बघायचे तर बा अटॉलमधल्या हनिफारू खाडीला याच दिवसांत जावं लागतं. पण ते जाणूनबुजून जाणाऱ्यांसाठी.

खोलीबद्दल विचारायचंच असेल तर एक विचारा: किनाऱ्यापासून प्रवाळाची कडा किती लांब आहे? वीस-तीस मीटरवर असेल तर पाण्याखाली बघायचा मास्क लावून लगेच मासे दिसतात. दोनशे-तीनशे मीटरवर असेल तर नवशिक्याला नुसती वाळू दिसते. फोटोत दोन्हीकडचं पाणी सारखंच निळं. मास्क दुकानातच तपासून घ्या. पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवायचा, नाकाने हलकेच श्वास ओढायचा आणि हात सोडायचा. चिकटून राहिला तर तो तुमचा. केसांची एक बट कडेखाली अडकली तरी पाणी आत येतं.

मघाशी जरा चिडूनच लिहिलं. पोरीचा आता मेसेज आलाय, हॉटेलच्या गच्चीवरून दोघं विमानतळाचे दिवे बघतायत म्हणे. जरा बरं वाटलं. मग तिला परतीचं तिकीट पाठवायला सांगितलं.

सकाळी पावणेआठचं विमान.

सीप्लेन सकाळी उजाडल्यावरच निघते, आणि आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी पोचायचं. म्हणजे आदल्या दुपारीच बेट सोडावं लागणार, शेवटची रात्रही गेली. त्यात शेवटच्या दिवशी तिने डायव्हिंग ठरवलंय. एका साध्या डाइव्हनंतर किमान १२ तास आणि जास्त केल्या तर १८ तास विमानात बसायचं नसतं, आणि सीप्लेन हेही विमानच. शिवाय काही रिसॉर्ट आपलं घड्याळ मालेपेक्षा तासभर पुढे ठेवतात, तेही तिला सांगायला हवं.

आज सांगितलं तर पुन्हा रडेल. पण तिकीट बदलायला अजून चार दिवस हातात आहेत. फोन लावतेय.