फ्यूजनवर भांडताय ना, मग वाजवणाऱ्यांची नावं पण घ्या

पुण्यात कुठल्याशा मैफलीत बंदिशीला सॅक्सोफोनची साथ होती, त्यावरून आमच्या फॅमिली ग्रुपवर जुंपलीये. काका म्हणतात रागाची वाट लावली, चुलत बहीण म्हणते काका जग बदललं. सॅक्सोफोन कोणी वाजवला हे दोघांनीही लिहिलं नाही.

मी पॅरिसला राहतो, त्यामुळे मला लगेच फ्रेंच संगीतकार दारियुस मियो आठवला. त्याचा 'ला क्रेआसियाँ द्यु माँद', म्हणजे जगाची निर्मिती, हा बॅले इथेच शाँझेलिझे थिएटरात १९२३ साली पहिल्यांदा झाला, अमेरिकन संगीतकार गर्शविनची जॅझ मिसळलेली 'रॅप्सडी इन ब्लू' यायच्या आधी. मियो त्याच्या आदल्या वर्षी न्यूयॉर्कला जाऊन हार्लेममध्ये, म्हणजे तिथल्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत, जॅझ ऐकून आला होता, आणि आल्यावर त्याने छोटासाच ऑर्केस्ट्रा घेतला, त्यातून व्हायोला काढला आणि तिथे चक्क आल्टो सॅक्सोफोन बसवला. त्यातला फ्यूग तर ऐकाच! फ्यूग म्हणजे एकच धून एकामागून एक वाद्यांनी उचलायची, जुन्या जर्मन संगीतकार बाखच्या घराण्याची कडक शिस्त, पण इथे डबल बासवर जी थीम सुरू होते ती अस्सल जॅझची, मग एकेक वाद्य तीच उचलत जातं आणि शेवटी नुसता दंगा. वरून दिलेली फोडणी नाहीये ही, माणूस दोन्हीकडचं शिकलेला होता.

तेव्हाचे समीक्षक म्हणाले हे हॉटेलात नाचायला ठीक, मैफलीत नको. (अगदी आमचे काका.) दहा वर्षांनी तेच लोक कौतुक करत होते, असं मियोनेच लिहून ठेवलंय.

इथे आता शुद्धतेवरून कोणी भांडत नाही, प्रश्न वेगळा विचारतात, की बॅलेची गोष्ट आफ्रिकेतली, ताल हार्लेमचा, नाचणारी कंपनी स्वीडिश आणि नाव झालं कोणाचं? मियो, लेखक सांद्रार, नेपथ्य करणारा लेजे. हार्लेमच्या क्लबात रात्र रात्र वाजवणारे कुठेच नाहीत.

हा प्रश्न मला आपल्याकडे हवाय. सी. रामचंद्रांच्या गाण्यांत जॅझ आला तो ट्रम्पेट वाजवणाऱ्या चिक चॉकलेटसारख्या गोवेकर वादकांमुळे, पण वाहवा झाली ती संगीतकाराची. गोव्यातल्या माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस यांनी तर १९५८ ला मुंबईत मोठा ऑर्केस्ट्रा उभा करून रागांवरच्या स्वतःच्या रचना वाजवल्या, आणि आज हे नाव आपल्याला माहितीये ते बच्चनच्या गाण्यामुळे, तो खराखुरा माणूस होता हे गाणं म्हणणाऱ्या निम्म्या लोकांना माहीत नसतं.